आईच्या घरात दहा माणसे

चिंचोटकर साहेबांना मी प्रथम पाहिले ते पाठमोरे. नाशिकच्या एका सरकारी कार्यालयात, आरेखन शाखेच्या खिडकीजवळ, ते फळ्यावर वाकून कालव्याचा नकाशा काढत होते. मी तेवीस वर्षांचा, घोटीकडच्या खेड्यातून आलेला, त्याच दिवशी अनुरेखक म्हणून रुजू झालेला. अनुरेखक म्हणजे दुसऱ्याने काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर गिरवून घेणारा. मी दाराशी उभा राहून खाकरलो. साहेब वळले नाहीत. "ही रेघ पुरी होऊ दे," म्हणाले. रेघ पुरी झाली, लेखणी पुसून झाली, मग वळून त्यांनी माझ्याशी हात मिळवला. मुख्य आरेखकाने अनुरेखकाशी हात मिळवणे त्या कार्यालयात नवीनच असावे, कारण शिपाई पाहतच राहिला.

दुपारी त्यांनी मला आपल्या टेबलाशी डबा खायला बोलावले. दारावरच्या पाटीवर 'रूबेन सॅम्युएल चिंचोटकर' असे नाव मी वाचले होते. मी विचारले, "साहेब, तुमच्याकडं नाताळला लय गंमत असेल, नाय?"

साहेब हसले. "नाताळ आमचा नाही रे. आम्ही इस्राएल. ज्यू म्हणतात ते. कोकणात पूर्वी आमच्या लोकांचा तेलाचा घाणा असायचा आणि शनिवारी तो बंद असायचा. म्हणून शनवार तेली."

"मग तुमचा देव कोणता?"

"एकच आहे. त्याच्याविषयी फार विचारू नकोस. मलाच माहीत नाही."

ज्या गृहस्थांनी हे वाक्य पन्नाशीच्या उंबरठ्यावर उच्चारले, त्यांच्याकडून पुढे अनेक प्रौढ माणसे आपला धर्म शिकली. त्यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात त्या विद्यार्थ्यांनीही लिहिले आहे. मी त्यांच्या धर्माचा नव्हे. माळकरी घरातला आहे, संध्याकाळी देवापुढे दिवा लावून बसणारा. परंतु साहेब शिकत होते तेव्हा शेजारच्या टेबलावर मी होतो, आणि त्यांच्या शिक्षणातली सर्वांत मोठी चूक माझ्या हातून झालेली आहे. एवढ्या अधिकारावर हा लेख लिहीत आहे.

साहेबांचे वडील नोकरीनिमित्त कोकणातून नाशिकला आले आणि साहेब दहा वर्षांचे असतानाच गेले. जवळपास समाजाचे घर नव्हते. धर्म उरला तो आईपुरता. एस्तेर आजींना अक्षरओळख बेताची. त्यांच्यापाशी होत्या त्या सवयी. शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी दिवा लावायचा आणि शनिवार मावळेपर्यंत चूल पेटवायची नाही. मासा घ्यायचा तो खवल्यांचा आणि परांचाच. मटणाच्या जेवणात दूध-दही नाही, म्हणून रस्सा नारळाच्या दुधाचा. 'हे इस्राएल, ऐक, देव एक आहे' या अर्थाची हिब्रू ओळ त्यांनी मुलाला तोंडपाठ करून दिली होती. साहेबांना तेवढेच येत होते, आणि शनिवारी ते कार्यालयात असत.

आजींना मी पाहिले आहे. घोटीचे पोहे चांगले, म्हणून मी गावाहून येताना त्यांच्यासाठी आणत असे. नवस फेडताना त्यांच्याकडे मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वर फळे. एकदा ताट माझ्यापुढे ठेवून त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं या घरात दिवा लावला मी. पण दहा माणसं बसून प्रार्थना काही झाली नाही, बाबा." मला त्यातले काही कळले नाही. साहेबांनी सांगितले, की त्यांच्याकडे काही प्रार्थना एकट्याने म्हणता येत नाहीत. तेरा वर्षांवरचे दहा ज्यू पुरुष जमावे लागतात.

त्यानंतर वर्षभरातच आजी गेल्या. दफन कोकणात, मूळ गावी झाले. तिथे दहा माणसे होती. कबरीपाशी मुलाने 'कद्दीश' नावाची प्रार्थना म्हणायची असते. साहेबांच्या हातात कुणीतरी पुस्तक दिले. साहेबांना ते वाचता आले नाही. आजींचे चुलतभाऊ, ठाण्याचे एझ्रामामा, यांनी ते पुस्तक हळूच काढून घेतले आणि मुलाच्या वतीने प्रार्थना म्हटली.

साहेब परत कामावर आले. आठवड्याने डबा उघडताना म्हणाले, "रामदास, मी एवढी अक्षरं काढली आयुष्यात. सगळ्या जिल्ह्याच्या नकाशांवर माझं अक्षर आहे. आणि आईपुढं मी अंगठेबहाद्दर निघालो."

त्याच दिवशी त्यांनी ठरवले. पहिल्या वर्षश्राद्धाला, त्यांच्या पंचांगाच्या तिथीला, आईच्या घरात दहा माणसे बसवायची आणि कद्दीश स्वतः वाचायचे. त्यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या: वाचता येणे, आणि दहा माणसे. दोन्ही त्यांच्याजवळ नव्हत्या.

एझ्रामामांनी आपली जुनी हिब्रू बालबोधिनी आठ दिवसांच्या बोलीने दिली. पाने सुटलेली, छपाई पुसट. साहेबांना चष्म्यातूनही अक्षरे नीट दिसेनात. मी म्हणालो, "साहेब, मी मोठी करून देतो." बावीसच्या बावीस अक्षरे मी पारदर्शक कागदावर इंच-इंच उंचीची काढली, अगदी मन लावून. मग आमच्या पद्धतीप्रमाणे अमोनियाच्या यंत्रावर निळी प्रत काढली. पुस्तक ठाण्याला परत गेले. प्रतीवर अक्षरांची नावे मी पेन्सिलीने मराठीत लिहिली: पहिले आलेफ, मग बेत, याप्रमाणे डावीकडून सुरुवात करून. साहेबांनी ती प्रत फळ्याच्या बाजूला टाचली.

दोन महिने त्यांनी ती अक्षरे गिरवली. डबा पाच मिनिटांत संपवायचे आणि उरलेल्या वेळात टाक घेऊन बसायचे. आरेखकाचाच हात तो. अक्षर असे उतरायचे की पाहत राहावे. मीही शेजारी बसून काढू लागलो. साहेब अक्षर काढताना त्याविषयी कळलेले सांगत. दाराच्या उजव्या चौकटीवर लहानशी नळी असते, तिच्यात त्या 'ऐक' प्रार्थनेचे हस्तलिखित असते. महिने चंद्राचे असतात आणि त्यांच्याकडेही काही वर्षी अधिक महिना येतो. मी म्हणालो, "मग आजींची तिथी दरवर्षी तारखेनं पुढंमागं होणार, आमच्यासारखीच."

"हो ना. तिथीच्या बाबतीत तू माझ्यापेक्षा शहाणा," साहेब म्हणाले.

मग एका रविवारी एझ्रामामा नाशिकला साहेबांच्या घरी आले. मलाही बोलावले होते. वय ऐंशीच्या पुढे, डोक्यावर गोल टोपी, आवाज खणखणीत. साहेबांनी अभिमानाने वह्या पुढे ठेवल्या. मामांनी पहिले पान पाहिले, दुसरे पाहिले, वही उजेडाकडे धरली आणि कागदाच्या मागच्या बाजूने पाहिली.

"रूबेन, आरशात बघून लिहिलंस काय रे?"

कुणाला काही कळेना. मामांनी निळी प्रत मागितली, साहेबांनी कार्यालयातून घरी आणलेली ती पुढे केली, आणि ती पाहताच माझ्या लक्षात आले. पारदर्शक कागद यंत्रात घालताना मी पालथा घातला होता. आमच्या नेहमीच्या नकाशावर मराठी मजकूर असतो, त्यामुळे कागद पालथा पडला तर क्षणात दिसते. इथे कोणती बाजू सुलटी हे ना मला ठाऊक होते, ना साहेबांना. हिब्रू उजवीकडून लिहितात हे ऐकले होते. पण पहिले अक्षर डावीकडे दिसले आणि आम्हा दोघांच्या मराठी डोळ्यांना ते अगदी रीतसर वाटले. दोन महिने एक पन्नाशीचा माणूस आपल्या पूर्वजांची लिपी उलटी शिकत होता, आणि ते माझ्यामुळे.

मी उठून उभा राहिलो. तेवढ्यात साहेबांच्या पत्नी, मिरियमकाकू, आतून म्हणाल्या, "मला वाटलंच होतं! घरातल्या जुन्या तसबिरीवरचं आलेफ आणि तुमचं आलेफ एकमेकांकडं तोंड करून बसलेलं."

"मग बोलली का नाहीस?" साहेब म्हणाले.

"म्हटलं, सरकारी पद्धत असेल."

साहेब इतके हसले की चष्मा काढावा लागला. मामाही हसू लागले. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवले. "बस रे. माझाच नकाशा असता तर तपासणी माझी होती. गिरवणाऱ्याला बोल लावायचा नसतो, तपासणाऱ्यानं तपासायचं असतं." दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा कागद माझ्यापुढे ठेवला. "पुन्हा काढ. तूच काढ." ही चूक त्यांनी पुढे अनेकदा रंगवून सांगितली, माझे नाव मात्र कधी घेतले नाही. 'आम्ही चुकलो' असेच म्हणत. आज ते नाव मी स्वतः सांगतो आहे.

याच सुमारास साहेबांनी शनिवार पाळायला सुरुवात केली. तेव्हा महिन्यातले दोन शनिवार कामाचे असत. साहेबांनी त्या दिवशी रजा मागितली आणि तेवढे काम रविवारी येऊन पुरे करीन असे लिहून दिले. वरिष्ठ वाईट माणूस नव्हते, पण बोलून गेले, "चिंचोटकर, इतकी वर्षं शनिवारी काम केलंत. आताच देव आठवला?"

"आठवला उशिरा, साहेब. म्हणून घाई आहे."

निवृत्तीपर्यंत ते त्या दोन शनिवारांनंतरच्या रविवारी एकटे येऊन खिडकीजवळ काम करत. हजेरीची नोंदवही पाहायला कुणी नसे, तरी वेळेवर येत आणि वेळेवर जात. मी एकदा विचारले, "साहेब, शनिवारी दिवसभर करता काय?" ते म्हणाले, "काही नाही. तेच अवघड आहे. पहिले दोन शनिवार मी पंखा पुसायला निघालो होतो, हिनं स्टूल काढून घेतलं."

तिथी जवळ आली तोवर साहेबांना कद्दीश वाचता येऊ लागले होते. सावकाश, अक्षरावर बोट ठेवून, पण स्वतः. मामांनी त्याचा अर्थ सांगितला तेव्हा मीही होतो. मृताच्या नावाने म्हणायच्या त्या प्रार्थनेत मरणाचा उल्लेखच नाही. फक्त देवाचे नाव मोठे होवो, एवढेच पुन्हापुन्हा. मला ते फार पटले. आमच्याकडेही दुःखाच्या घरी टाळ घेऊन बसतात आणि देवाचेच नाव घेतात.

आता प्रश्न उरला माणसांचा. साहेबांनी पत्ते मिळवले, पत्रे लिहिली, रविवारी स्कूटर काढून देवळाली, नाशिकरोड, इगतपुरी अशी घरे शोधली. बहुतेकांची स्थिती साहेबांसारखीच: आपण इस्राएल आहोत एवढे ठाऊक, पुढचे पुसट. इगतपुरीला डेव्हिड नावाचे एक गॅरेजवाले होते. त्यांनी येतो म्हटले. मामा धरून मोजणी बरोबर दहा झाली.

त्या संध्याकाळी मी पोहे घेऊन गेलो. ओटीवर सतरंज्या घातलेल्या, आजींचा दिवा लावलेला. माणसे येत गेली. नऊ झाली. डेव्हिड आले नाहीत. तासभर वाट पाहिली. साहेबांनी त्यांच्या शेजारच्या दुकानात फोन केला. ते घरी आहेत पण फोनवर येत नाहीत, असे उत्तर आले. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मामांना रात्रीच्या आत ठाण्याला निघायचे होते.

मला राहवेना. साहेबांना बाजूला घेऊन म्हणालो, "साहेब, मला धरा ना दहावा. टोपी घालून बसतो. कोणाला काय कळणार हाय?"

साहेबांनी माझा हात धरला. "तुझ्या एकादशीला मी साबुदाणा खाल्ला, तर मला एकादशी घडली का?"

माझा हात न सोडता ते पुढे म्हणाले,

"तुला परकं म्हणत नाही मी. पण आईनं चाळीस वर्षं खवल्याशिवाय मासा घेतला नाही. कोण बघत होतं? आता तिच्याच नावानं मी मोजणीत खोट घालू?" मग थांबून म्हणाले, "जाऊ नकोस मात्र. इथंच बस."

त्या दिवशी कद्दीश झाले नाही. एकट्याने म्हणता येतात ती स्तोत्रे सर्वांनी म्हटली, मलिदा वाटला, माणसे गेली. साहेबांनी ते पुस्तक फडक्यात गुंडाळून आजींच्या पेटीवर ठेवले. मी मान्य करतो, मला त्या रात्री वाईट वाटले, आणि ते थोडे माझ्यासाठीही होते. पुढे विचार करता कळले, की साहेबांनी आपला नियम राखला तसाच माझाही मान राखला. माझ्या देवाला घरी ठेवून खोटी टोपी घालायला त्यांनी मला लावले नाही.

पुढच्या रविवारी साहेब इगतपुरीला गेले. मी स्कूटरवर मागे बसून होतो. डेव्हिड गाडीखाली झोपून काम करत होते. बाहेर आले, साहेबांना पाहून हात पुसत राहिले.

"अंकल, राग धरू नका. कपडे घालून तयार होतो मी. पण मला काहीच येत नाही. कुठं उठायचं, कुठं बसायचं... लोकांत हसं झालं असतं."

साहेबांनी तिथेच टायरवर बसकण मारली. "हसं माझं झालंय, तुला सांगतो." आणि उलट्या अक्षरांची सगळी हकिकत सांगितली. डेव्हिड पोट धरून हसले. साहेब म्हणाले, "येत नाही म्हणूनच ये. येणाऱ्यांसाठी माझ्याकडं जागाच नाही."

तिथून साहेबांच्या घरी रविवार संध्याकाळचा वर्ग सुरू झाला. सुरुवातीला डेव्हिड आणि आणखी दोघे. साहेबांचा नियम एकच: कुणी चुकले तर पहिली चूक साहेबांनी आपली सांगायची. आलेफपासून सुरुवात, मग शुक्रवारचा दिवा, मनुकांच्या सरबतावर म्हणायचा आशीर्वाद, वर्षाचे सण, वल्हांडणाला, म्हणजे मिसरमधून सुटकेच्या सणाला, आठ दिवस भाकरीत खमीर का नाही, उपासाच्या दिवशी क्षमा आधी माणसाची का मागायची. बायकाही येऊ लागल्या. मिरियमकाकू पदार्थ सांगत आणि टोमणाही मारत, "मोजणीत आम्ही नाही. पण आम्ही घरात दिवा लावला नसता, तर तुम्ही मोजायला उरला असता का?" साहेब गंभीरपणे म्हणत, "हे वहीत उतरवून घ्या."

दुसऱ्या वर्षीच्या तिथीला डेव्हिड सर्वांच्या आधी आले. मी स्वयंपाकघरात खोबरे किसत होतो. काकू दाराशी उभ्या राहून बोटांवर मोजत होत्या. "आठ... नऊ... अगं बाई, दहा." त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच मला म्हणाल्या, "रामदास, किसणी थांबव. आवाज होतोय."

साहेब उभे राहिले. पुस्तक उघडले. मला प्रत्येक अक्षर ओळखू येत नव्हते, पण आवाज ओळखीचा होता. एका ठिकाणी ते अडखळले. मामा मदतीला पुढे सरकले. साहेबांनी डाव्या हाताने त्यांना थांबवले, बोट मागे नेले, आणि तो शब्द पुन्हा, स्वतः वाचला. नऊ जणांनी 'आमेन' म्हटले. डेव्हिड यांचे 'आमेन' सर्वांत मोठे होते, आणि थोडे उशिरा.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. मामा आज नाहीत. वर्गातले काही जण मुलांकडे इस्राएलला गेले, काही मुंबईला. साहेब मात्र नाशिकमध्येच राहिले. इस्राएलला असलेली मुलगी बोलावते. ते म्हणतात, "तिकडं दहा माणसं कोपऱ्यावर मिळतात. तिकडं माझं काय काम?" कुणाच्याही घरी गरज पडली की फोन साहेबांना येतो. गेल्या हिवाळ्यात नाशिकरोडच्या एका कुटुंबात वडील गेले. साहेबांचा गुडघा सुजला होता, डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावले होते. घर तिसऱ्या मजल्यावर. मी त्यांना गाडीने घेऊन गेलो आणि खाली म्हणालो, "साहेब, सांगून टाकू का, जमत नाही म्हणून?" ते कठडा धरून पहिली पायरी चढले. "वर नऊजण बसलेत, रामदास. नऊ असणं काय असतं ते तू पाहिलंयस." प्रत्येक मजल्यावर थांबत ते चढले. मृताचा मुलगा तिशीतला, वर्गात नुकताच येऊ लागलेला. त्याने बोट ठेवून सावकाश वाचले. साहेब त्याच्या मागे उभे होते. मदतीला पुढे सरकले नाहीत.

आमच्याकडे शतायुषी व्हा म्हणतात. साहेबांच्या समाजात एकशे वीस वर्षे जगा म्हणतात. या वेळी मी त्यांचाच आकडा धरतो. साहेबांना आणि मिरियमकाकूंना निरामय, दीर्घ आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे जिने चढत राहोत, असे मी रोज संध्याकाळी माझ्या देवापुढे मागतो. हे मागणे निव्वळ प्रेमाचे नाही, त्यात गरजही आहे. आज या भागात हाकेला धावून येणारी माणसे मोजून दहा आहेत. मी अकरावा, मोजणीबाहेरचा, खोबरे किसणारा. ती जागा मला भरता येत नाही. साहेब आहेत तोवर दहा आहेत.